चावीवाल्याच्या खिडकीखाली

नाही, नाही — ओतू नका! काकू, थांबा, प्लीज, हंडा तिरका करू नका — हात धरला म्हणून रागावू नका, पण गटारात नको, निदान ह्या खिडकीसमोर तरी नको. खाली ठेवा. जरा भिंतीकडे. हां. आता दोन मिनिटं — दोन मिनिटं फक्त ऐकून घ्या, मग ओतायचं तर पार कोपऱ्यावर जाऊन ओता, मी काही म्हणणार नाही. म्हणजे म्हणेन, पण अडवणार नाही. मघाशी तुम्ही विचारलंत, पोरी, एवढं स्वच्छ पाणी ह्या टंचाईत बोळात कोणी सोडलंय, आणि मी म्हटलं भरा की, भरा, कोणाचंच नाही — तिथेच तोंड मिटायला हवं होतं मी. पण नाही, मला सगळं खरं सांगायची घाई. आत डायलिसिस चालतं, किडनी गेलेल्या माणसांचं रक्त मशीनवर साफ करतात, त्याचं पाणी — एवढंच बोलले आणि तुमचा चेहराच उतरला. बरोबर आहे, माझंच चुकलं. वाक्य अर्ध्यावर टाकलं मी, आणि तुम्हाला वाटलं रक्त धुतलेलं पाणी. तसं नाहीये ते. अजिबात नाही.

हे बघा, नळ्या दोन आहेत. ती काळी, जाड — ती मशीनमधून निघते आणि थेट गटाराच्या झाकणाखाली जाते. तिला मीसुद्धा हात लावत नाही, लांबून वळसा घालते. आणि ही माझ्या हातातली पांढरी. ही माणसापर्यंत पोचतच नाही. कसं सांगू — टाकीतलं पाणी आधी एका गाळणीतून जातं, आपल्या चहाच्या गाळणीसारखी नव्हे, मोठी, पंप लावलेली, इतकी बारीक की पाण्यातला क्षारसुद्धा अडतो. जे अगदी निवळ निघतं तेवढंच मशीनला चालतं. आणि जे गाळणीच्या अलीकडेच राहतं, ते ह्या नळीतून बाहेर. आत एक बादली जाते तेव्हा इकडे दोन बादल्या वाया. म्हणजे कोणाला शिवणं नाही, रक्त नाही, काही नाही. तुमच्या-आमच्या नळाचंच पाणी, फक्त थोडं खारवट. पिऊ नका. पण कपडे आहेत, लादी आहे, मोरी आहे — मी स्वतः केस धुतले ह्याने परवा. हे बघा, हात लावून बघा. राठ झालेत, पण ते आधीपासूनच —

आई गं! … विमान. विमान होतं. घाटकोपरात जन्म गेला, डोक्यावरून रोज जातात, आणि मी रोज अशी उडते. तुम्ही हललासुद्धा नाहीत. अशीच आहे हो मी, कुकरची शिट्टी झाली तरी हातातलं भांडं पडतं. बारावीला बेडूक कापायचा होता, ट्रेवर त्याला पाठीवर झोपवलेला बघितला आणि मी सायन्सच सोडलं. आर्ट्सला गेले. बी.ए. झाले. लॉजिक विषय होता मला — आणि बघा, आता कुठे बसलेय, तर जिथे भिंतीपलीकडे माणसांचं रक्त नळ्यांतून फिरतंय तिथे. मी आत नाही बसत. बसूच शकत नाही. पहिल्या दिवशी अप्पांना खुर्चीत बसवलं, हाताला सुया टोचल्या, आणि त्या पारदर्शक नळ्या एकदम लाल झाल्या — मी तोंडावर रुमाल धरून मागच्या दाराने इथे आले, भिंतीला हात लावून उभी राहिले, आणि पायावर गार काहीतरी. बघते तर ही नळी. अखंड धार, गटारात. समोरच्या इमारतीत बायका पाणी चोरीला जातं म्हणून मोऱ्यांना कुलपं लावतात हल्ली, आणि इथे ही धार. मी तशीच बघत राहिले.

अप्पा म्हणजे माझे वडील. ते आत, ह्या खिडकीला लागूनच आहेत. तुम्ही वरच्या आळीतल्या म्हणालात ना, टेकडीवरच्या? मग तुम्ही ओळखतच असाल. दत्ताराम. दत्ताराम चावीवाले. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी, आडव्या मुठीची, सायकलच्या दांड्याला बांधलेली — रस्त्यातलं झाकण उचलायचे, चावी घालायचे, आटे फिरवायचे, की तुमच्या आळीला पाणी. उलटे आटे फिरवले की बंद. पालिकेत सगळी नोकरी त्याच कामात गेली.

… असं का बघताय? ओळखता. कळलं मला. चांगल्या अर्थाने नाही ओळखत.

सांगा ना. नाही, सांगा, मला सवय आहे. आमच्या शेजारच्या विमलामावशी अजून बोलत नाहीत आमच्याशी. सगळ्यांना वाटायचं चावीवाल्याच्या घरी काय, चोवीस तास पाणी. अहो, आमचंही पिंप अर्धंच भरायचं. आई म्हणायची, अहो, नवरा वाणी असता तर वाटीभर साखर तरी जास्त मिळाली असती. ते हसायचे आणि वेळ झाली की आमच्याच दारातून जाऊन आमचीच आळी बंद करायचे. …काय? हळदीच्या दिवशी? तुमच्या मुलीच्या? … हो. हो, मला माहिती आहे ते! वनमालाकाकू तुम्हीच का? मुलगी रत्नप्रभा, दादरला दिली? अहो, ते मला माहिती आहे. तुम्ही झाकणावर पाय ठेवून उभ्या राहिलात ना — पाहुणे आलेत, पिंपं भरू दे, मग पाय काढते. आणि अप्पा म्हणाले, वयनी, तुमची पिंपां भरतली तर खालच्या आळीत आज चूल पेटूची नाय, पाय काढा. आणि तुम्ही काढलात. आणि त्यांनी फिरवली चावी. मी लहान होते, पण आठवतंय, अप्पा घरी आले ते तसेच मोरीत गेले आणि हात धूत बसले, साबण लावून, पुन्हा लावून — आज हळदीच्या घराचा पानी तोडलंय, एवढंच म्हणाले. शेवटी आईच ओरडली, अहो किती पाणी घालवताय. तेव्हा उठले.

हसलात? बरं झालं. मला वाटलं आता हंडा माझ्या डोक्यावर ओतताय.

नाही, त्यांची बाजू नाही घेत मी. मला स्वतःलाच राग यायचा. पण आता त्या माणसाची दशा बघा — दिवसाला एवढं, हे फुलपात्र बघा माझ्या पिशवीतलं, एवढंच पाणी द्यायचं. औषधासकट. चहा धरून. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून मग ते अंगातच राहतं. पायावर बोट दाबलं की खळगा पडतो तसाच राहतो. बर्फाचा खडा चघळतात, तोही वितळून जाऊ नये म्हणून गालात धरून ठेवतात. आणि त्यांना जगवायला मात्र एवढं पाणी लागतं. लायनीत हंडे लावून बसणाऱ्या सगळ्या टेकडीला ज्याने पाणी वाटलं, त्या माणसाच्या नावाने गटारात धार. हे मला इथे उभं राहून कळलं, पण त्यांना आत बसून माझ्या आधी कळलं होतं. आतली जमीन बोळापेक्षा उंच आहे, वरून खिडकीतून दिसतं ना सगळं. हा बोळ, ही नळी, ते गटार. बसल्या बसल्या दुसरं बघायला काय आहे?

तर झालं काय — त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर नळ आहे. गाळणीला आणि मशीनला पाणी जातं त्या लाइनचा. एक हात सुयांचा, तो हलवायचा नाही, पण दुसरा मोकळा. आणि एके दिवशी अर्ध्यात तो हात मागे गेला आणि नळ बंद केला. मशीन किंचाळायला लागलं, इथे बाहेरपर्यंत ऐकू आलं. विद्याधर म्हणून टेक्निशियन आहे, चांगला मुलगा आहे, तो धावत गेला, नळ सोडला. म्हणाला, दत्तारामकाका, रिटायर झालात तुम्ही, ड्युटी संपली तुमची! सगळे हसले. अप्पाही हसले. डुलकी लागली असेल, हाताला सवय, टाइम झाला वाटला असेल. मीच सगळ्यांना तसं सांगितलं, घरी आईलाही सांगितलं, आई तर पदर तोंडाला लावून हसली. पुढच्या वेळी पुन्हा. तेव्हा कोणी हसलं नाही. तेव्हा ते म्हणाले, काढा माझ्या सुया, पुरे झाला. आणि काढायला लावल्या. अर्ध्यावर उठून घरी आले. दोन दिवसांत झोपता येईना, बसूनच, खिडकीच्या गजाला धरून श्वास — छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा अर्ध्यावर सोडलं तर मग आमच्या हातात काही नाही. असं सरळ सांगितलं. मी 'थँक्यू' म्हटलं त्यांना.

विद्याधर म्हणाला नळाची मूठच काढून ठेवतो. मी नको म्हटलं. का म्हटलं? … जन्मभर लोकांचं पाणी ज्याच्या मुठीत, त्याच्या हाताखालचा एक नळ काढून घ्यायचा? बांधून ठेवल्यासारखं नाही होणार ते? खुर्ची बदलायलाही तयार नाहीत. मग मीच त्यांना विचारलं, अप्पा, हे पाणी कोणी घरी नेलं तर? तर बसाल पूर्ण वेळ? मग म्हणाले — आमचं मालवणी आहे, मला धड बोलता येत नाही, पण ते म्हणाले — पानी कोणाच्या घराक जाता, तवसर मी बसतंय. गटारात जाताना दिसला, तर नळ आसा आणि माझो हात आसा. बस्स. तेव्हापासून मी इथे. पिंपं आणली. ह्या बोळातल्या बायकांच्या हातापाया पडले. शकु — इथली आया — ती लादीला न्यायची, समोरचा गॅरेजवाला स्कूटर धुवायला न्यायचा, इमारतीतल्या दोघी-तिघी बादल्या लावायच्या. विद्याधर मला चिडवायचा, नीलाताई, वडलांच्या जागेवर लागलात वाटतं! आणि अप्पा आत बघत बसायचे. घरी जाताना रिक्षात विचारायचे, ती हिरव्या पातळवाली कोण गो? तिची बादली गळता, सांग तिका. असे. पूर्ण वेळ बसायचे. चेहऱ्याला रंग यायला लागला होता.

आणि मग कोणीतरी म्हणालं की हे पाणी पेशंटांचं आहे. कोणी म्हणालं कोण जाणे. पेशंटांचं. झालं. आता कोणी येत नाही. मागच्या खेपेला शकुने तीनदा लादी पुसली, माझ्यासाठी, बिचारीची बोटं सुरकुतली. गॅरेज आज बंद आहे. ही दोन्ही पिंपं काठोकाठ आहेत, वाकून बघा हवं तर. मी सकाळपासून ह्या हाताने नळी ह्या पिंपावरून त्या पिंपावर नेतेय, जसं काही भरतंय अजून. भरलंय कधीच. कडेने ओघळतंय ते पायाने अडवतेय मी, त्यांना दिसू नये म्हणून — बघा चपला. म्हणून तुम्ही आलात आणि हंडा लावलात तेव्हा मी एवढ्या मोठ्याने बोलले. भरा, भरा काकू! तुम्हाला वाटलं असेल, काय आगाऊ मुलगी आहे. तुमच्यासाठी नव्हतं ते. आत ऐकू जावं म्हणून होतं.

… दुसरा उपाय? आहे ना. दुसऱ्याची किडनी बसवतात. शहरात मोठ्या हॉस्पिटलात. घरातल्याच कोणाची तरी लागते. आईला साखरेचा आजार आहे, तिची चालत नाही. भावंडं नाहीत मला. … हो. तपासली. जुळते माझी. — हे मी का सांगतेय तुम्हाला? आईला ठाऊक नाही हे. तिला आम्ही सांगितलंय की जुळत नाही. म्हणजे अप्पांनी सांगितलं, आणि मी तिथेच उभी होते आणि काही बोलले नाही. हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना मी म्हटलं होतं, अप्पा, मी देते. म्हटलं होतं हो, खरंच. आवाज नीट निघाला नसेल. तर ते पायरीवरच बसले, दम लागला होता, आणि म्हणाले — बाय, माझ्या लायनीचो टायम झालो. तुझी लाइन आत्ता खंय सुटलीहा. तुझी बंद करून माझी चालू? मी काय अशी चावी फिरवूचंय नाय. … आणि मला, काकू, मला त्या क्षणी कसं वाटलं माहितीये? सुटल्यासारखं. त्या बेडकाच्या ट्रेपासून कोणीतरी हात धरून लांब न्यावं तसं. बस आली, मी त्यांना चढवलं, जागा मिळवून दिली, आणि मग खिडकीकडे तोंड करून — जाऊ दे. शकु म्हणते, ताई, नळी खाली ठेवा की, पाणी आपोआप पडेल. पडेल. मला माहितीये पडेल. पण मी नाही ठेवत. एवढं तरी मी धरते.

कोणाला सांगू नका हं. तुमच्या आळीत तर नकोच.

आणि लाइनचा टाइम झाला म्हणजे काय, ते मी तेव्हा नीट ऐकलंच नाही. आत्ता बोलताना ऐकतेय. डुलकी लागली, सवयीचा हात गेला — मीच सांगत फिरले सगळ्यांना, पण त्यांनी स्वतः कधी तसं म्हटलंच नाही, ते तर स्वतःचीच लाइन बंद —

थांबा.

ऐकलंत? नाही, काही ऐकू येत नाही, तेच म्हणतेय मी. पाणी. नळी हलकी झाली हातात. टाकी संपली असेल, नाही का? … नाही, टँकर सकाळीच आला, मी बघितला. पंप अडकला असेल, लाइट गेली असेल — पंखा फिरतोय आतला. दिसतोय फिरताना. — हे, हे मशीन. ओरडायला लागलं. विद्याधर पुढच्या खोलीत आहे, तिकडे दुसरा पेशंट आहे. काकू, तुम्ही बघता का आत? तुम्ही उंच आहात, फक्त एवढंच बघा, उजवा हात कुठे आहे. … नको. नको, मीच बघते. ह्या पिंपाच्या काठावर पाय ठेवते. धरा मला जरा.

दिसतायत. नळ्या … लाल आहेत. असू देत. हात नळावर आहे. मूठ धरलीय. झोपलेत ना? डुलकीच असेल — नाही. डोळे उघडे आहेत हो, काकू. टक्क उघडे. माझ्याकडे बघतायत. … माझ्याकडे नाही. तुमच्याकडे. खाली, तुमच्या हंड्याकडे.

उचला. उचला ना, पाया पडते तुमच्या — घरी नेऊन ओता, वरच्या आळीत नेऊन उकिरड्यावर ओता, पण आत्ता उचला आणि इथून, ह्या खिडकीसमोरून चला. कमरेवर घ्या. हां. सावकाश. सांडू नका, एक थेंबही नको. असं तोंड नका करू, नेहमी नेता तसंच न्या. — अप्पा! अप्पा, ओळखलंत का? वनमालाकाकू आहेत. वरच्या आळीच्या. झाकणावर पाय ठेवला होता बघा. हळदीचं पाणी राहिलं होतं त्यांचं, ते न्यायला आल्यात. घरी नेतायत. … थांबू नका काकू, चालत राहा. विद्याधर आला, दारातच थांबलाय, नळाला हात लावत नाहीये. शहाणा आहे. बोलू नका कोणी. … अप्पा हसतायत का? की नुसतं तोंड — नाही, बोलतायत काहीतरी, पण हळू, काच आहे मध्ये, ऐकू येत नाही. हात फिरतोय. फिरतोय. कुठल्या बाजूला ते —

नळीत हवा आली. गुरगुरतेय. थांबा —

आलं. आलं, काकू! अहो परत कशाला वळताय, जा ना, हंडा रिकामा करा आणि शेजारणीला घेऊन या, कळशी, बादली, असेल ते — बघताय काय, पळा!